जिना मात्र सामाईक राहील: दीड हजार वर्षांपूर्वीची ग्रीक वाटणीपत्रं

आमच्या गावाकडच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी दहावीत होतो, त्यामुळे कोणाला किती गुंठे आले वगैरे काही आठवत नाही, पण वाटणीपत्रातलं एक वाक्य डोक्यात राहिलंय: परसातल्या विहिरीवर दोन्ही भावांचा सामाईक हक्क राहील. बाबा आणि काका दोघंही त्या वाक्यावर बराच वेळ थांबले होते, बाकी सगळं पटापट वाचून झालं. नंतर खूप वर्षांनी इजिप्तमधल्या आस्वानच्या जुन्या कागदांबद्दल वाचताना अगदी त्याच जातीचं वाक्य समोर आलं, फक्त विहिरीच्या जागी जिना होता, आणि दरवाजा, गच्ची, भाकरी भाजायची भट्टी. सहाव्या शतकातलं, ग्रीकमध्ये लिहिलेलं, आणि लिहून घेणारी माणसं आपल्यासारखीच भाऊबंदकीला घाबरलेली. तेव्हापासून हा विषय सुटत नाहीये, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी जग कुठलं ते सांगतो. रोमन साम्राज्याचा पश्चिमेकडचा भाग पाचव्या शतकात कोसळला, पण पूर्वेकडचा भाग, म्हणजे आजचा तुर्कस्तान, ग्रीस, सीरिया, जॉर्डन, इजिप्त, हा कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, व्यवस्थित चालू होता. इथे कायदा रोमन, म्हणजे मुळात लॅटिनमधला, पण कागदपत्रं ग्रीकमध्ये, आणि घरात बोलायची भाषा तिसरीच, इजिप्तमध्ये कॉप्टिक, जॉर्डनमधल्या पेत्राकडे अरबी किंवा अरामी. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याला आपल्या बापाची जमीन वाटून घ्यायची असेल तर त्याला परक्या भाषेत लिहिलेल्या कागदावर, परक्या मुळाच्या कायद्याखाली, आपली अगदी आतली घरगुती गोष्ट मांडावी लागायची. 212 मध्ये सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र लोकांना रोमन नागरिक करून टाकलं होतं, त्यामुळे कागदोपत्री सगळ्यांना रोमन वारसा कायदा लागू. पण कायदा लागू झाला म्हणून गावातली रीत रातोरात बदलत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता हे कागद आपल्यापर्यंत आले कसे? इजिप्तमध्ये पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेला तेव्हाचा कागद, टिकतो कारण हवा कोरडी. पण सगळ्यात विलक्षण गोष्ट पेत्राची आहे. पेत्राला जाऊन आलेले लोक तो डोंगरात कोरलेला खजिन्याचा दर्शनी भाग दाखवतात, पण वरच्या अंगाला एक बायझंटाइन चर्च आहे, मोझेइकच्या फरशीचं, तिथे फार कमी लोक चढून जातात. 1993 च्या डिसेंबरमध्ये त्या चर्चला लागून असलेल्या एका खोलीत उत्खननात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या, 140 च्या आसपास. चर्चला कधीतरी मोठी आग लागली होती, कागद जळाले, पण ढिगाऱ्याखाली हवा न मिळाल्याने राख न होता कोळसा झाले, आणि कोळसा कुजत नाही. म्हणजे ज्या आगीत ते नष्ट व्हायचे त्याच आगीने ते वाचवले, कारण पेत्राच्या हवेत साधा पपायरस इतकी शतकं टिकलाच नसता. काळ्या पापुद्र्यावर काळी शाई, एकेक थर सोडवायचा, वाचायचा, जोडायचा. फिनलंड आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि सगळ्या गुंडाळ्या वाचता आल्या नाहीत तरी जेवढ्या आल्या त्यातून एक अख्खं कुटुंब उभं राहिलं.

कुटुंबाचा मुख्य माणूस म्हणजे थिओडोरोस, ओबोडिआनोसचा मुलगा, पुढे त्याच चर्चचा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरच्या दर्जाचा धर्माधिकारी. त्याची बायको स्तेफानूस, त्याच्या जवळच्या नात्यातलीच. इतक्या जवळच्या नात्यातलं लग्न म्हटलं की आपल्याला वेगळं वाटेल, पण मिळकतीच्या अंगाने बघितलं तर सरळ आहे: भावंडांमध्ये वाटली गेलेली मालमत्ता पुढच्या पिढीत पुन्हा एका घरात येते. 537 पासून शतकाच्या अखेरपर्यंतचे कागद आहेत आणि त्यातले बरेच ह्याच प्रकारचे: घरच्या मिळकतीबद्दलचे करार, वाटण्या, तडजोडी, कर कोणाच्या नावावर लावायचा त्याचे अर्ज. हा शेवटचा प्रकार तर आपल्या फेरफाराच्या नोंदीसारखाच, जमीन हातची गेली पण करखात्यात अजून तुमचंच नाव, मग वसुलीवाला तुमच्याच दारात.

ह्यातलं मला सगळ्यात आवडलेलं एक वाटणीपत्र आहे. तीन भाऊ, बास्सोस, एपिफानिओस आणि साबिनोस. घराच्या खोल्या, शेतं, द्राक्षमळे, गुलाम, सगळ्याचे तीन वाटे पाडले आणि मग चिठ्ठ्या टाकून कोणाला कुठला वाटा ते ठरवलं. चिठ्ठ्या टाकण्याला नुसतं नशीब समजू नका, त्यात मोठी युक्ती आहे. वाटे पाडताना कुठला वाटा आपल्याला येणार हे कोणालाच माहीत नसेल तर तिघांनाही वाटे सारखेच पडावेत असं वाटतं. आपल्याकडे ज्याला सरस-निरस मानाने वाटप म्हणतात ते तिथे झालेलं दिसतं, म्हणजे एकाला सगळी चांगली जमीन आणि दुसऱ्याला सगळा खडक असं नाही, थोडं हे थोडं ते. आणि त्या ग्रीक मजकुरात शेतांची आणि खोल्यांची नावं मध्येच अरबी येतात, ग्रीक अक्षरांत लिहिलेली, कारण त्या शेताला गावात जे नाव होतं तेच लिहिलं नाही तर उद्या कोणतं शेत म्हणून भांडण. लेखनिक ग्रीक लिहितोय, भाऊ अरबी नावं सांगतायत, आणि तो ऐकून तशीच उतरवून घेतोय. मला हे दृश्य डोळ्यासमोर अगदी स्पष्ट दिसतं.

गुलामांबद्दल मात्र थांबून बोलायलाच हवं. माणसं वाट्यात यायची, शेत आणि भांडीकुंडी यांच्या ओळीत. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावरच्या सरकारी जमिनींच्या वाटणीबद्दल एक आदेश काढला होता की गुलामांचं कुटुंब तोडू नका, नवरा एका मालकाकडे बायको दुसऱ्याकडे, आईबाप इकडे मुलं तिकडे असं करू नका. असा आदेश काढावा लागला म्हणजेच ते होत होतं. त्या तीन भावांची समजूतदार वाटणी वाचताना मनात कौतुक येतं आणि लगेच ही ओळ आठवते, आणि दोन्ही एकदमच खरं आहे.

आता कायदा काय म्हणायचा ते बघू, शक्य तेवढं सोपं करून. कोणी मृत्युपत्र न करता वारला तर काय, ह्याचे जुने रोमन नियम फार गुंतागुंतीचे होते, बापाकडून आलेलं नातं आणि आईकडून आलेलं नातं यात मोठा भेद. सम्राट जस्टिनियनने 543 मध्ये एका कायद्याने हे सगळं झटकून टाकलं. आधी मुलं, मुलगे मुली सारखे, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना. मुलं नसतील तर आईबाप आणि त्यांच्यासोबत सख्खी भावंडं, मग सावत्र भावंडं, मग बाकीचे जवळच्या क्रमाने. मुलींना सारखा वाटा ही गोष्ट रोमन कायद्यात जुनीच होती, पण सगळीकडे पाळली जात होती असं नाही. आर्मेनियन लोकांमध्ये मुलींना वारसा द्यायची रीत नव्हती, तर 536 मध्ये जस्टिनियनने खास त्यांच्यासाठी कायदा काढला आणि त्यात चक्क असा सूर आहे की तुम्ही बायकांना देवाने घडवलंच नसल्यासारखं वागवता. आता ह्यात सम्राटाचं राजकारणही होतं, आर्मेनियाचा प्रदेश नीट ताब्यात घ्यायचा होता, पण वाक्य वाचल्यावर बरं वाटतं हे खरं.

मृत्युपत्र केलं तर? करायला सात साक्षीदार लागायचे, त्यांच्या सह्या आणि मोहोरा. 439 मध्ये थिओडोसिअस दुसरा ह्या सम्राटाने ग्रीकमध्ये मृत्युपत्र करायला सरसकट मोकळीक दिली. पण मृत्युपत्र केलं म्हणजे सगळं हवं त्याला देता येतं असं मात्र नव्हतं. मुलांसाठी काही हिस्सा राखीव ठेवावाच लागायचा, आधी तो चौथा हिस्सा होता, जस्टिनियनने 536 मध्ये वाढवला: चारपर्यंत मुलं असतील तर एकूण एक तृतीयांश, पाच किंवा जास्त असतील तर निम्मा. इथे एक गंमतशीर हिशोब निघतो, करून बघा. 120 नाणी मिळकत धरू. चार मुलं, एक तृतीयांश म्हणजे 40, प्रत्येकाला राखीव 10. आता पाच मुलं, निम्मे म्हणजे 60, प्रत्येकाला 12. भावंड वाढलं आणि प्रत्येकाचा राखीव वाटाही वाढला! कायदा करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं वाटत नाही, पण नियम तसाच राहिला.

आणि गोव्यातल्या वाचकांना ह्यात काही ओळखीचं वाटलं असेल तर ते बरोबरच आहे. हाच राखीव हिस्सा रोमन कायद्यातून युरोपभर पसरला, पोर्तुगालच्या 1867 च्या नागरी संहितेत आला, ती 1870 पासून गोव्यात लागू झाली, आणि आजही गोव्यात मुलं असतील तर मृत्युपत्राने निम्मीच मिळकत हवी तशी देता येते, बाकीची निम्मी मुलांचीच. महाराष्ट्रात एखादा माणूस स्वकमाईचं घर मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, सीमा ओलांडून पेडण्यात गेलं की नियम वेगळा, आणि त्या फरकाचं मूळ शोधत गेलात तर ह्याच जुन्या रोमन हिश्श्यापर्यंत पोचाल.

मुलाला वारसातून पूर्णपणे काढायचं असेल तर? इथे रीत आणि कायदा यांची खरी टक्कर दिसते. ग्रीक लोकांमध्ये बापाने मुलाशी जाहीरपणे नातं तोडायची जुनी पद्धत होती. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळातच, 288 मध्ये, स्पष्ट सांगितलं गेलं होतं की ही ग्रीक रीत आहे, रोमन कायदा तिला मानत नाही. तरी तीनशे वर्षांनी, सहाव्या शतकात, इजिप्तमधल्या अफ्रोदितो गावच्या दिओस्कोरोसच्या कागदांत बापाने मुलीशी नातं तोडल्याचा मसुदा सापडतो. हा दिओस्कोरोस म्हणजे मोठं नाव, गावच्या प्रमुखाचा मुलगा, वकिली आणि नोटरीचं काम करायचा, कविताही लिहायचा, आणि गावावरच्या अन्यायाची दाद मागायला 551 मध्ये थेट कॉन्स्टँटिनोपलला गेला होता. त्याला कायदा माहीत नव्हता असं अजिबात नाही. पण समोर बसलेल्या संतापलेल्या बापाला कागद हवा होता, आणि कायद्यात ज्याला किंमत नाही अशा कागदालाही गावात किंमत असतेच.

542 मध्ये जस्टिनियनने मुलांना वारसातून काढायची 14 कारणं ठरवून दिली, ह्याशिवाय काढता येणार नाही, आणि कारण मृत्युपत्रात लिहावं लागेल, सिद्धही व्हावं लागेल. ही यादी वाचली की त्या समाजाच्या घराघरातल्या भीती दिसतात. आईबापांवर हात उगारणं, त्यांचा भयंकर अपमान करणं, जिवावर उठणं, सावत्र आईशी संबंध, जादूटोणा करणाऱ्यांत मिसळणं, बाप तुरुंगात असताना जामीन न राहणं, मृत्युपत्र करू न देणं. नट किंवा आखाड्यात जनावरांशी लढणारा होणं हेही कारण, पण आईबाप स्वतः त्याच धंद्यातले असतील तर नाही! वेडसर झालेल्या आईबापांकडे दुर्लक्ष केलं तर, शत्रूने पकडून नेलेल्या आईबापांना खंडणी देऊन सोडवलं नाही तर. हे खंडणीचं कारण मला फार बोलकं वाटतं, कारण सरहद्दीवर खरंच माणसं पकडून नेली जायची, म्हणजे हा काही कल्पनेतला प्रश्न नव्हता. आणि मुलीबद्दलचं कलम: आईबाप योग्य हुंडा देऊन लग्न लावायला तयार असताना तिने नकार देऊन बदनामीचं आयुष्य निवडलं तर काढता येईल, पण ती 25 वर्षांची झाली तरी आईबापांनीच लग्न लांबवलं आणि मग तिचं पाऊल घसरलं किंवा तिने त्यांच्या संमतीशिवाय एखाद्या स्वतंत्र माणसाशी लग्न केलं तर दोष आईबापांचा, तिचा नाही. मुलांनी आईबापांना वगळायचीही 8 कारणं त्याच कायद्यात आहेत, ते विसरू नका.

मघाशी हुंडा म्हटलं, तर त्या शब्दामुळे गैरसमज नको. ग्रीकमध्ये त्याला प्रॉइक्स म्हणायचे आणि तो आपल्या अनुभवातल्या हुंड्यापेक्षा स्त्रीधनाच्या जास्त जवळ जातो. मुलगी माहेरून जे घेऊन यायची ते नवरा वापरायचा, त्याचं उत्पन्न संसारात जायचं, पण त्यातली जमीन त्याला विकता यायची नाही आणि तो वारला की ते तिला परत. समोरून नवराही लग्नानिमित्त बायकोच्या नावे मिळकत लावायचा, आणि 539 मध्ये जस्टिनियनने म्हटलं की दोन्हीकडची रक्कम सारखी हवी. हे सगळं इतकं महत्त्वाचं का, तर मघाच्या वारसांच्या क्रमात बायको कुठे आली का? नाही आली. नवरा वारला तर त्याची मिळकत मुलांकडे, मुलं नसतील तर त्याच्या आईबापांकडे आणि भावंडांकडे, तिचा आधार म्हणजे तिचं स्वतःचं आणलेलं आणि लग्नात मिळालेलं. अगदी काहीच न आणलेल्या गरीब विधवेसाठी जस्टिनियनने चौथ्या हिश्श्याची सोय केली, पण ती अपवाद म्हणून. आणि मुलीला लग्नात दिलेलं बापाच्या वाटणीच्या वेळी हिशोबात धरायचं, म्हणजे "तुला लग्नात दिलं की" हे वाक्य तेव्हाही होतं, फक्त त्याचा अर्थ "आता तुला काही नाही" असा नव्हता, "तेवढं वजा करून उरलेलं घे" असा होता. हा फरक फार मोठा आहे.

आता त्या जिन्याकडे येतो. आस्वान म्हणजे तेव्हाचं सिएने, नाईल नदीवरचं सरहद्दीचं गाव, समोर एलिफन्टाइन बेट. तिथे पातेरमूथिस नावाचा माणूस राहायचा, सैन्यात होता आणि होडीही चालवायचा, त्याची बायको काको. त्यांच्या घरातला कागदांचा गठ्ठा सापडला, पाचव्या शतकाच्या शेवटापासून 613 पर्यंतचा, आणि आज तो अर्धा लंडनला आणि अर्धा म्युनिकला आहे, म्हणजे कुटुंबाच्या वाटणीचे कागद स्वतःच वाटले गेलेत. पातेरमूथिसला लिहिता येत नव्हतं, त्याच्या वतीने दुसरं कोणी सही करायचं. पण ज्याला वाचता येत नव्हतं त्या माणसाने एकेक कागद जपून ठेवला, सासरच्या जुन्या पिढीच्या खरेदीखतांपासून सगळे, कारण उद्या कोणी विचारलं तर दाखवायला हवं. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण सातबाऱ्याचे आणि पावत्यांचे कागद ट्रंकेत कुठल्या कापडात आहेत ते तिलाच माहीत असायचं, ते आठवतं.

सिएनेची घरं म्हणजे अरुंद, मातीच्या विटांची, दोन तीन मजली. वारसा पिढ्यान्‌पिढ्या सारखा वाटला जायचा, मुलगे मुली सगळ्यांना, त्यामुळे दोन तीन पिढ्यांनी एकेकाच्या वाट्याला खोलीचा निम्मा, चौथा, असा भाग यायचा. मग कागदात लिहायचं की दुसऱ्या मजल्यावरची, अमुक दिशेला तोंड असलेली खोली, तिचा निम्मा, आणि तिच्यासोबत दरवाजा, अंगण, जिना, गच्ची, भट्टी यांच्यातला तेवढाच वाटा. कायद्याने निम्मा म्हटलं की झालं, पण खोली कापता येत नाही आणि जिना तर नाहीच नाही. जिना तोडून वाटला तर कोणालाच वर जाता येणार नाही. म्हणून करार लागतो. माझ्या मते ह्या सगळ्या कागदांचं मर्म इथे आहे: सम्राट कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून अपूर्णांक ठरवायचा, आणि त्या अपूर्णांकांत राहायचं कसं हे भाऊबहिणींना लेखनिकासमोर बसून एकेका दरवाजागणिक ठरवावं लागायचं. मग एक बहीण आपला तुकडा दुसरीला विकते, एक भाऊ मेहुण्याला विकतो, आणि हळूहळू पातेरमूथिस आणि काको ते तुकडे गोळा करत जातात.

भांडणं झाली नाहीत असं नाही. काकोचा भाऊ इओआनेस, आई तापिया आणि काको यांच्यात वडील याकोबच्या मागे राहिलेल्या मिळकतीवरून तंटा झाला, लवादापुढे गेला, शेवटी तडजोडीचा कागद झाला. ग्रीकमध्ये अशा कागदाला डिआलिसिस म्हणायचे, शब्दशः गाठ सोडवणं. कोर्टात जायचं तर प्रांताच्या राजधानीला, तिथला खर्च, तिथली वशिलेबाजी, त्यापेक्षा गावातले पंच, एखादा वकील, एखादा पाद्री बरा. पेत्राच्या कागदांतही थिओडोरोसचा शेजारी स्तेफानोसशी लवादापुढचा तंटा आहे, पाचशेहून जास्त ओळींचा, पाण्यावरून, घराच्या सामानावरून, एका द्राक्षमळ्यावरून, जुन्या पिढीत कोणी काय विकलं ह्यावरून. पुरावा कमी पडला की शपथ घालायचे, पवित्र जागी जाऊन शपथ घे आणि प्रश्न मिटव. शपथेला घाबरणारा समाज होता, त्यामुळे ती चालायची.

कागदाची बांधणी जवळजवळ ठरलेली. वर तारीख, सम्राटाच्या राज्याचं कितवं वर्ष, शिवाय करासाठीच्या पंधरा वर्षांच्या चक्रातलं वर्ष. मग दोन्ही बाजूंची नावं, आईबापांसकट, धंदा, गाव. मग हकिगत, कोण वारलं, काय भांडण झालं, कोणी मध्यस्थी केली. मग अटी. मग देवाची आणि सम्राटाची शपथ. मग दंड, आणि हा भाग खरा दणकट असायचा: जो करार मोडेल त्याने अमुक इतकं सोनं द्यायचं, आणि अनेक कागदांत असंही की आधी दंड भर आणि मग बोल, शिवाय दंड भरला तरी करार तसाच लागू राहणार. तेव्हाचं सोन्याचं नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं, एका रोमन पौंडात 72, आणि दंड कधीकधी औंसांत किंवा पौंडांत, म्हणजे साध्या घराला झेपणार नाही असा, मुद्दामच. शेवटी "विचारलं आणि मी कबूल केलं" हे जुनं रोमन वाक्य, जे मुळात तोंडी प्रश्नोत्तर होतं आणि आता नुसतं लिहायची पद्धत उरली होती, मग सह्या, साक्षीदार, आणि तळाला लेखनिकाची खूण.

एक व्यावहारिक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, वारस झालात म्हणजे मिळकतीसोबत कर्जही आलं, आणि ते मिळकतीपेक्षा जास्त असलं तर स्वतःच्या खिशातून. 531 मध्ये जस्टिनियनने सोय केली: 30 दिवसांत मिळकतीची यादी करायला घ्या, पुढच्या 60 दिवसांत पूर्ण करा, मग मिळकतीपलीकडचं कर्ज तुमच्यावर नाही. किती घरं ह्या एका नियमाने वाचली असतील.

पातेरमूथिस आणि काको यांनी 580 च्या दशकात एकमेकांच्या नावे एक कागद केला, तो मला सगळ्यात जास्त भावतो. दोघांपैकी जो आधी जाईल त्याची मिळकत मागे राहणाऱ्याकडे, आणि दोघं गेल्यावर मुलांना. वर बघितलं तसं कायदा बायकोला रांगेत जवळजवळ घेतच नव्हता, म्हणून त्यांनी कायद्याची वाट न बघता स्वतः लिहून घेतलं. काकोने आपल्या आईला आणि भावाला मिळकतीवरून भांडताना बघितलं होतं, तिला माहीत होतं नवऱ्यामागे बाई एकटी पडली की काय होतं.

ह्या काळात वारसांच्या यादीत एक नवीन नाव यायला लागलं होतं, ते म्हणजे देवाचं. धर्मोपदेशक सांगायचे की मुलांच्या बरोबरीने ख्रिस्ताचाही एक वाटा ठेवा, आत्म्यासाठी. लोक खरोखरच मृत्युपत्रात येशू ख्रिस्ताला वारस म्हणून लिहायला लागले, आणि मग प्रश्न पडला की वाटा द्यायचा कोणाला, तर जस्टिनियनने ठरवलं की त्या गावातल्या चर्चला, गरिबांसाठी. सन 600 च्या आसपास इजिप्तमधल्या हेर्मोन्थिसचा बिशप अब्राहाम, ज्याला ग्रीक येत नव्हतं, त्याने आपला मठ शिष्य व्हिक्टरच्या नावे केला, मृत्युपत्र ग्रीकमध्ये, त्याला त्याच्या इजिप्शियन भाषेत वाचून समजावलं आणि दुसऱ्याने त्याच्या वतीने सही केली.

आणि पेत्राच्या जळक्या गुंडाळ्यांमध्ये 573 च्या सुमाराचा एक कागद आहे. ओबोडिआनोस नावाचा माणूस आजारी पडलाय, आपल्या मागे मिळकतीचं काय करायचं ते सांगतोय. हिस्सा संत आरोनच्या डोंगरावरच्या मठाला, हिस्सा गावातल्या संत किरिकोसच्या नावाच्या रुग्णालयाला. दोन्ही मोठी धर्मकार्यं, त्यांची नावं आदराने, लांबलचक विशेषणांसकट लिहिलेली. आणि त्यातच त्याने आईची सोय घालून ठेवलीय, मुलाच्या आधी न गेलेल्या आईची: ती जिवंत असेपर्यंत तिला अन्न आणि वस्त्र मिळत राहील.